‘तिला आमचं घर आवडलं नाही का?’

परदेशी विद्यार्थ्याला शनिवार-रविवार घरी राहायला बोलावलेल्या कुटुंबांकडून हा प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो. पाहुणा नीट जेवला नाही, दुपारी दार लावून बसला, विचारलं तर नुसता हसून ‘छान आहे’ म्हणाला आणि ठरल्यापेक्षा लवकर निघून गेला. आमचं काही चुकलं का?

मुंबईत आफ्रिकेतून आणि शेजारच्या देशांतून बरीच मुलं शिकायला येतात. वसतिगृहात राहतात, मेसमध्ये जेवतात, आणि त्यातल्या अनेकांना शिक्षण संपेपर्यंत एकाही मुंबईकराचं स्वयंपाकघर दिसत नाही. म्हणून जे घर अशा मुलासाठी दार उघडतं, त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. अशाच एका घराची हकीगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या काकू. काका बँकेतून निवृत्त झालेले, लेक नोकरी करणारी, मुलगा जर्मनीत शिकतोय. तिकडे नाताळात एका कुटुंबाने मुलाला दोन दिवस घरी ठेवून घेतलं होतं, त्याचं काकूंना भारी अप्रूप. आपणही कोणाच्या तरी लेकरासाठी हे करावं असं त्यांच्या मनाने घेतलं. लेकीच्या ओळखीतून मुंबई विद्यापीठात, कलिनाला एमएस्सी करणारी इथिओपियाची एक मुलगी सापडली आणि काकूंनी तिला गुढीपाडव्याला बोलावलं. त्या वर्षी पाडवा रविवारी होता. मुलगी शुक्रवारी संध्याकाळी आली, सोमवारी सकाळी जाणार होती. रविवारी संध्याकाळीच ‘अभ्यास राहिलाय’ म्हणून निघाली.

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना रागापेक्षा वाईट जास्त वाटत होतं. “मॅडम, चक्का रात्रभर टांगून ठेवला होता हो. केशर, वेलची, चारोळ्या, सगळं घातलं. पोरीने वाटीला हातसुद्धा लावला नाही. आणि सकाळी कडुलिंबाची चटणी मात्र मागून घेऊन खाल्ली! म्हणजे आमच्या घरचं कडू चाललं आणि गोड चाललं नाही, असंच ना?”

बाकीच्या तक्रारीही हळूहळू बाहेर आल्या. चहा नको म्हणाली. वरणभातावर तूप वाढायला गेले तर ताटावर हात आडवा धरला. दोन्ही दिवस बटाट्याच्या भाजीवरच जेवली. रात्री अकरा वाजता बेडरूममध्ये कुजबुजत फोनवर बोलत होती, कोणाशी कोण जाणे. आणि रविवारी दुपारी, सणाच्या दिवशी, आतून कडी लावून घेतली. काकांचं म्हणणं, ‘त्यांच्याकडची पद्धतच वेगळी, तू मनावर घेऊ नकोस.’ लेकीचं म्हणणं, ‘आई, तू तिला श्वास घेऊ दिला नाहीस.’ दोघांनी आपापल्या परीने निकाल देऊन टाकला होता. त्या मुलीला मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

मी काकूंना शुक्रवार संध्याकाळपासून काय काय केलं ते क्रमाने सांगायला लावलं आणि एका कागदावर मांडत गेले. शनिवारी सकाळी पोहे खाऊन सिद्धिविनायक. तिथून दादरला, तिच्यासाठी शिवलेली नऊवारी आणि बांगड्या घ्यायला. बाहेरच जेवण, मग गेटवे. रात्री शेजारपाजारचे तिला बघायला आले. रविवारी पहाटे उठून नऊवारी, गुढी, लगेच लोकलने डोंबिवली, फडके रोडची शोभायात्रा, मावशीचं घर, परत येऊन श्रीखंड-पुरीचं जेवण. कागद भरला. मी विचारलं, “काकू, यात ती एकटी कधी होती?”

काकूंनी कागदावरून नजर फिरवली. “दुपारी दार लावून घेतलं तेव्हा.”

काकू गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या. तिथे दिवसा दार उघडंच असायचं; बंद दाराचा अर्थ आत भांडण, आजारपण किंवा दुखवटा. मुलुंडच्या वन बीएचकेतही त्यांनी तोच अर्थ लावला. दोन दिवस परक्या भाषेत बोलणाऱ्या माणसाचं डोकं किती शिणतं, याची आपल्याला कल्पना नसते. तिची मातृभाषा अम्हारिक, काकूंची मराठी, आणि दोघींचं इंग्रजी बेताचं. प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायचं, मग बोलायचं, शिवाय चेहरा सतत हसरा ठेवायचा. कालेर्वो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाने १९६० साली ‘कल्चर शॉक’वर लिहिताना म्हटलं होतं की रोजच्या वागण्यातल्या ओळखीच्या खुणा हरवल्या की माणूस अस्वस्थ होतो. भेटल्यावर काय बोलायचं, आमंत्रण कधी स्वीकारायचं आणि कधी नाकारायचं, कोणाचं बोलणं किती मनावर घ्यायचं, हे घरी आपल्याला न शिकवता कळतं. परक्या घरी त्यातलं काहीच कळत नाही. तिथे कडी लावून तासभर पडणं हा त्या घराचा अपमान नव्हे. बऱ्याचदा तेवढ्या आधारावरच पाहुणा संध्याकाळपर्यंत तग धरतो.

हे काकूंना पटलं, पण श्रीखंडाचं कोडं सुटलं नव्हतं. तिच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नव्हते, सांगणं बरोबरही नव्हतं. मी म्हटलं, तिलाच विचारा. काकूंनी मोबाइल काढून आधीच लिहून ठेवलेला मेसेज दाखवला. मथितार्थ असा: आमचं काही चुकलं का? तुला आमच्याकडे आवडलं नाही का?

हा मेसेज मी पाठवू दिला नाही. जिच्या हातचं दोन दिवस खाल्लं, तिला ‘हो, चुकलं’ असं तोंडावर कोण म्हणेल? या प्रश्नाला एकच सभ्य उत्तर आहे, आणि ते देऊन पाहुणा सुटतो. ‘आवडलं ना?’, ‘काही कमी पडलं नाही ना?’, ‘अगदी घरच्यासारखं वाटलं ना?’ हे आपले लाडके प्रश्न सगळे याच जातीचे. ते प्रेमापोटी विचारले जातात हे खरं, पण त्यात विचारणाऱ्याला शाबासकी हवी असते आणि पाहुण्याला ती द्यावीच लागते. उत्तर हवं असेल तर प्रश्न लहान आणि नेमका हवा. हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, कोणी दुखावणार नाही असा.

आम्ही दोघींनी बसून नवा मेसेज लिहिला. पाडव्याला आमच्याकडे श्रीखंड लागतंच, म्हणून मी आग्रह केला. तू खाण्यापिण्याचं काही पाळतेस का? दुपारी तुला झोप लागते का? आणि गर्दीत कोणती गोष्ट नको वाटली? शेवटच्या प्रश्नात ‘काही नको वाटलं का’ असं मी मुद्दाम लिहू दिलं नाही. ‘कोणती’ म्हटलं की नको वाटणारं काहीतरी असणारच हे आपण आधीच मान्य करतो, आणि समोरच्याला बोलायला जागा होते.

रात्री लांबलचक व्हॉइस मेसेज आला. काकूंनी तो लेकीकडून समजून घेतला आणि मलाही येऊन सांगितला.

तिचा उपास होता. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांमध्ये ईस्टरच्या आधी ५५ दिवसांचा मोठा उपास पाळतात. त्यात मांस आणि अंडी तर नाहीच, पण दूध, दही, लोणी, तूप हेही वर्ज्य. पाडवा नेमका त्याच्या मध्यावर आला होता. ‘शाकाहारी चालेल’ एवढं तिने आधी कळवलं होतं आणि तेवढं पुरे आहे असं धरून चालली होती. आपल्याकडे उपास दूध-दह्यावरच तर निभतो, त्यामुळे काकूंच्या डोक्यात ही शंका येणं कठीणच. चहा, तूप, श्रीखंड या सगळ्याचा उलगडा झाला. कडुलिंबाच्या चटणीचाही. कोवळा पाला, गूळ, चिंच, ओवा, मीठ. तिला निःशंक खाता येईल असा त्या दिवशीच्या सणाचा तोच एक घास होता, म्हणून तिने तो मागून घेतला. मग श्रीखंडाच्या वेळी सांगितलं का नाही? तर काकू रात्री चक्का टांगत होत्या ते तिने पाहिलं होतं. तिच्याने सांगवेना, म्हणून पोट भरलंय म्हणाली.

रात्रीचा फोन आईला होता. आपल्याकडे अकरा वाजतात तेव्हा तिच्याकडे साडेआठ, आईचं काम आटोपायची वेळ. काका-काकूंनी तिला बेडरूम दिली होती आणि स्वतः हॉलमध्ये झोपले होते. कूस बदलल्याचा आवाज यायचा आणि आपल्यामुळे म्हातारी माणसं जमिनीवर झोपली म्हणून तिला झोप लागत नव्हती. हॉलमधल्या दिवाणावर ती खुशाल झोपली असती.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून काकू गप्प झाल्या. शोभायात्रेत अनोळखी लोक न विचारता तिच्याशेजारी उभं राहून सेल्फी काढत होते. मुलांनी तिच्या वेण्या ओढून पाहिल्या, एका बाईंनी केस खरे आहेत का म्हणून हात घालून पाहिला. आणि मावशीच्या घरी कोणीतरी मराठीत म्हणालं, ‘काळी आहे, पण नाकीडोळी नीटस.’ मराठी तिला येत नाही. पण ‘काळी’ तिला मुंबईत येऊन महिना व्हायच्या आत कळलं होतं.

इथे मी काकूंना धीर देत बसले नाही. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारहाण केली, ती बातमी जगभर गेली होती. मुलांना इकडे पाठवणाऱ्या आयांच्या पोटात तेव्हापासून गोळा असतो. अशा मुलीभोवती हौसेने जमलेला घोळकाही तिला हौसेचा वाटत नाही. काकूंनी विचारलं, “मी तिथेच तर होते. काय करायला हवं होतं?” मी म्हटलं, मध्ये उभं राहायचं. ‘तिला विचारल्याशिवाय फोटो काढू नका, केसांना हात लावू नका’ हे मराठीत, मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हणायचं. आपल्या माणसांना आपल्या भाषेत थांबवणं हे काम फक्त यजमानच करू शकतो. पाहुण्याने केलं तर तो उद्धट ठरतो. आणि मावशीच्या घरातलं ते वाक्य काकूंनी ऐकलं होतं. तेव्हा ते कौतुकच वाटलं होतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पुढे त्यांनी फोन करून बहिणीशी त्यावर बोलणं केलं. सोपं नव्हतं ते. बहीण आठवडाभर रुसली.

त्याच आठवड्यात काकूंनी जर्मनीतल्या मुलालाही नेमका प्रश्न विचारला: नाताळात त्या लोकांकडे तू पोटभर जेवलास का? तोवर त्याने ‘मस्त मजा आली’ एवढंच सांगितलं होतं. आता म्हणाला, पहिल्या रात्री उपाशीच झोपलो, काय खातोय ते विचारायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी घरातल्या आजीने त्याला बटाटे सोलायला बसवलं आणि तिथून तो मोकळा झाला.

म्हणून मेमध्ये ती मुलगी पुन्हा आली तेव्हा काकूंनी तिला आल्या आल्या आमरसाचे आंबे पिळायला बसवलं. ईस्टर होऊन गेला होता, आणि ईस्टरनंतरचे ५० दिवस त्यांच्याकडे बुधवार-शुक्रवारचे नेहमीचे उपासही नसतात, हे काकूंनी आधीच फोनवर विचारून घेतलं होतं. कार्यक्रम एकच, संध्याकाळी तलावावर फेरी. दुपारी दोन ते पाच कोणी कोणाला हाक मारायची नाही असं ठरलं, तर काकूही निवांत झोपल्या. तिने दिवाण घेतला. लॅचची एक किल्ली तिच्याकडे दिली. वरणभातावर तूप तिने स्वतःच वाढून घेतलं.

बोलावू इच्छिणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो (२०२५ पर्यंत त्याला ‘फॉर्म सी’ म्हणत). तो फक्त हॉटेलांसाठी नाही, घरगुती यजमानालाही लागू आहे; पासपोर्ट-व्हिसाची प्रत आधीच मागून ठेवावी. आणि सोसायटीच्या वॉचमनला तिचं नाव, येण्याची वेळ सांगून ठेवावी. पहिल्या खेपेला तिला गेटवर वीस मिनिटं उभं केलं होतं, हे काकूंना त्या व्हॉइस मेसेजमधूनच कळलं.

गणपतीसाठी काकूंच्या सोसायटीतल्या आणखी दोन घरांना विद्यार्थी बोलवायचे आहेत. पाहुण्याला आधी काय काय विचारावं याची यादी त्यांनी माझ्याकडे मागितली. मी त्यांना काकूंचा फ्लॅट नंबर दिला.