जुनाट कंबरदुखीत फिजिओथेरपीचा फायदा कोणाला होईल, हे आधी कळतं का?

थोडंफार कळतं, पण खात्रीने नाही. सगळे आधी एमआरआय काढून आणतात, पण त्यावरून फारसं काही सांगता येत नाही, कारण काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांतही साधारण 37 टक्के जणांच्या मणक्यातली गादी झिजलेली दिसते, ऐंशीला तर 96 टक्के. त्यापेक्षा माणूस काय बोलतो ते ऐका. "वाकलो तर मणका सरकेल" म्हणून खाली पडलेली किल्लीसुद्धा दुसऱ्याला उचलायला लावतो, झोप उडालीय, मन खचलंय, "आता हे बरं होणारच नाही" असं ठाम वाटतंय, अशांना नुसत्या शेक आणि मशीनने फरक कमी पडतो, आधी ती भीती घालवावी लागते. इंग्लंडच्या कील विद्यापीठाची स्टार्ट बॅक नावाची 9 प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे, ती यातलं बरंच तपासते (3 किंवा कमी गुण म्हणजे धोका कमी). पण ती दुखणं रेंगाळेल का हे सांगते, फिजिओ लागू पडेल का हे नाही, हा फरक बरेच जण विसरतात. व्यायाम घरी खरंच होतोय का, हे तर बघाच. आणि लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली तर फिजिओ वगैरे सोडा, लगेच हॉस्पिटल गाठा.