जुनं जॅकेट फ्रंटवर चालेल का?

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, ह्यांच्या नोकरीमुळे सध्या पोलंडमध्ये क्राकुवला असतो. स्कीइंगची हौस दोन सीझनमध्ये फिटली, तेव्हापासून दोन जॅकेटं, स्लीपिंग बॅग, बूट, थर्मल्स असं बरंच पडून आहे. माझ्या ऑफिसातल्या युक्रेनियन मैत्रिणीचा भाऊ फ्रंटवर आहे, ती त्याच्या तुकडीसाठी सामान गोळा करते. वापरलेलं दिलं तर तिला अपमान वाटेल का? आणि ह्यांचं जॅकेट भडक नारिंगी आहे, ते चालेल?

उत्तर : अपमान कसला ताई, फेब्रुवारी २०२२ पासून तिथे कितीतरी गरम कपडे लोकांनी दिलेलेच आहेत. माझी आजी सांगायची, १९६२ साली चीनच्या वेळी आपल्याकडे बायका जवानांसाठी स्वेटर विणत बसायच्या, तसंच हे. फक्त द्यायच्या आधी प्रत्येक वस्तू नीट बघा, कारण तिकडे गेल्यावर बदलून मिळणार नाही.

नारिंगी जॅकेट नको. खंदकात ते लांबून दिसतं, त्यापेक्षा क्राकुवमधल्याच एखाद्या निर्वासित कुटुंबाला द्या. सैनिकांना ऑलिव्ह, तपकिरी, मातकट असेच रंग हवेत.

आता बूट. हे मी पोळलोय म्हणून लांबण लावतो. सहा-सात वर्षं माळ्यावर ठेवलेले, जेमतेम दोनदा घातलेले, दिसायला एकदम नवे बूट घेऊन मी हिमालयात ट्रेकला गेलो आणि तिसऱ्या दिवशी सोल चक्क भाकरीसारखा सुटून हातात आला, मग नायलॉनच्या दोरीने बांधून खाली उतरलो. बऱ्याच बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा फोम असतो, तो न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. म्हणून सोलच्या कडेला अंगठा जोरात दाबून बघा, भुगा पडला किंवा भेग दिसली तर बूट सरळ कचऱ्यात. तिथे थंडीइतकाच चिखल वाईट. हिवाळ्यात पारा बऱ्याचदा शून्याच्या आसपास असतो, चिखल धड गोठत नाही, पाय दिवसरात्र ओले, आणि त्यातून पाय बधिर होऊन सडायला लागतात. तेव्हा मोजे मात्र नवेच घ्या, जाड लोकरीचे, जितके जमतील तितके.

स्लीपिंग बॅग पिशवीतून काढून रात्रभर पसरून ठेवा, सकाळी फुगली नसेल तर तिची ऊब संपली. पिसांची असेल तर ओली झाल्यावर गोळे होतात, सिंथेटिक त्यातल्या त्यात बरी. थर्मल्सचं उलटं आहे, पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटतं, म्हणून अंगालगत मेरिनो लोकर असेल तर आधी ती द्या. कॉटनचं काही नको, घामाने भिजलं की वाळता वाळत नाही.

सगळं धुऊन द्या पण सॉफ्टनर घालू नका, आणि पांढरेशुभ्रवाली पावडर तर मुळीच नको, तिच्यातलं चकाकी आणणारं केमिकल अंधारात बघायच्या नाईट व्हिजन दुर्बिणीत उजळून दिसतं म्हणतात.

परस्पर पार्सल करू नका. मैत्रिणीकडचं सामान नेहमी ज्यांच्या गाडीतून युक्रेनच्या सीमेवरच्या मेडिकाच्या नाक्यावरून जातं त्यांच्याकडेच द्या आणि खोक्यावर काय, किती नग, कोणता साईझ ते लिहा. हेल्मेट, बुलेटप्रूफ जॅकेट असलं काही कुणी आणून दिलं तर हात लावू नका, त्याला परवाने लागतात.

फाटकी चादर, जुने टीशर्टसुद्धा फेकू नका, पट्ट्या कापून त्यांची कॅमफ्लाज जाळी विणतात. रिकामे टिनचे डबे आणि मेणबत्त्यांची उरलेली थोटकंही विचारून बघा, डब्यात पुठ्ठ्याची गुंडाळी बसवून वरून मेण ओततात, ते पेटवलं की त्यावर खंदकात चहा होतो.

आणि हो, सगळ्यात आधी भावाच्या बुटाचा नंबर विचारा. ह्यांचा ४१ आणि त्याचा ४५ निघाला तर बूट तिथेच ऑनलाईन विकून त्या पैशाचे मोजे घ्या.