म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालेला भोकांचा गोल पितळी बर्नर दिव्याचा की शेगडीचा?

तुम्ही सांगता तशी कड्यावर बारीक भोकं, मध्ये आरपार पोकळी आणि बाहेरून काच बसवायची खाच असेल, तर तो गॅसच्या दिव्याचा बर्नर आहे, शेगडीचा नव्हे. फोंड्यात जुने दिवे दुरुस्त करताना मी आधी काचेची खाच आणि हवेची वाट बघतो. ही रचना मुळात जिनिव्हाच्या आर्गां या संशोधकाची. १७८०च्या सुमारास त्याने तेलाच्या दिव्यात नळीसारखी गोल वात घातली, त्यामुळे ज्योतीला आतूनही हवा मिळाली. काचेच्या चिमणीने हवेची ओढ आणखी वाढली. पुढे वातीच्या जागी भोकांचं कडं आलं आणि त्यातून गॅस जळू लागला. इथे गॅसमध्ये आधी हवा मिसळत नाही. ज्योतीतले काजळीचे कण तापून पिवळे उजळतात, तोच उजेड. शेगडीत गॅस शिरतो तिथेच हवेचं भोक असतं, म्हणून ज्योत निळी असते आणि भांडं काळं होत नाही. जत्रेत महाप्रसादाच्या टोपाखाली पेटतात त्या मोठ्या गोल शेगड्या याच जातीच्या. मात्र नुसत्या हवेच्या भोकावरून शेगडी ठरवू नका: १८८५मध्ये व्हेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाचं मँटल, म्हणजे ज्योतीवर तापून उजळणारी जाळी, आलं आणि निळ्या ज्योतीवरही दिवे लागू लागले, पेट्रोमॅक्समध्येही तेच तत्त्व. आणि कृपा करून हा बर्नर सिलिंडरला जोडून बघू नका. त्याची भोकं कोळशापासून काढलेल्या, कमी दाबाच्या गॅससाठी पाडलेली असतात.