३-५००झेडच्या लिनिअरमध्ये स्फोटासारखा आवाज होऊन ग्रिड मीटर जळलं. संरक्षण म्हणून नक्की काय बसवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका ३-५००झेड व्हॉल्व्हचा ग्राउंडेड-ग्रिड लिनिअर (हॅम रेडिओच्या ट्रान्समीटरचा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर), बिनलोड ३३०० व्होल्ट, फिल्टरला २२० मायक्रोफॅरॅड ४५० व्होल्टचे ८ इलेक्ट्रोलिटिक सिरीजमध्ये. दोन वर्षं खोक्यात पडून राहिलेला व्हॉल्व्ह लावून स्विच दिला, फाडकन आवाज झाला, ग्रिड मीटर गेलं आणि २० मिलिमीटरचा काचेचा फ्यूज आतून काळा झाला. आता मेनला झटपट पडणारी एमसीबी लावायचा आणि कॅपॅसिटरची क्षमता दुप्पट करायचा तुमचा विचार आहे.

दोन्ही करू नका. एमसीबीचा इथे उपयोग नाही आणि क्षमता वाढवली तर पुढचा आवाज आणखी मोठा होईल.

मीटर आणि फ्यूज मेनमधून येणाऱ्या करंटने गेले नाहीत, आधीच भरून ठेवलेल्या कॅपॅसिटरने गेले. तुमचे ८ कॅपॅसिटर मिळून २७.५ मायक्रोफॅरॅड होतात आणि ३३०० व्होल्टला त्यांत सुमारे १५० जूल साठतात. व्हॉल्व्हच्या आत गॅस असला की प्लेट (उच्च व्होल्टेजचा भाग) ते ग्रिड (मधली जाळी) ठिणगी पडते, त्या क्षणी वाटेत फक्त तारांचा आणि कॅपॅसिटरचा स्वतःचा काही ओमचा रोध असतो. करंट कित्येकशे अँपिअरवर जातो आणि कॅपॅसिटरची बँक मिलिसेकंदात रिकामी होते. एमसीबीचं चुंबकीय ट्रिप सगळं नीट असलं तरी साधारण १० मिलिसेकंद घेतं. म्हणजे ती पडते तेव्हा खेळ संपलेला असतो.

ग्रिड मीटरच का जळलं, तेही यातच आहे. ग्रिड चासीला, म्हणजे लिनिअरच्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेली आहे. ठिणगीचा करंट बी-प्लसमधून (उच्च व्होल्टेजची पॉझिटिव्ह बाजू) प्लेट, प्लेटमधून ग्रिड, ग्रिडमधून चासी असा येतो आणि चासीतून सप्लायच्या निगेटिव्हला परत जायला त्याला एकच रस्ता असतो: आधी ग्रिड शंट, मग प्लेट शंट (शंट म्हणजे मीटरसाठी करंट मोजणारा छोटा रेझिस्टर). मीटर जळणं परवडलं. शंट उघडा पडला की फिलामेंट ट्रान्सफॉर्मर, बायस सर्किट आणि ड्राइव्हची (आत येणाऱ्या सिग्नलची) बाजू चासीच्या मानाने ३००० व्होल्ट खाली जाऊ शकते. मग ठिणगी पुढची जागा शोधते, आणि ती जागा बहुधा तुमच्या रिगकडे (ट्रान्समीटरकडे) जाणारी बाजू असते.

पहिलं काम करंटला लगाम घालण्याचं. बी-प्लसच्या तारेत, बँक आणि प्लेट चोकच्या मधे, ५० ओम ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर टाका. चिनीमातीच्या नळीवर गुंडाळलेला, वर काचेचा लेप असलेला लांब प्रकार घ्या. ठिणगीच्या क्षणी त्याच्या दोन टोकांत पूर्ण ३३०० व्होल्ट येतात, आखूड रेझिस्टरवरून ते उडी मारतात. सोनेरी ॲल्युमिनियमच्या कवचाचे मिळतात ते चासीवर आवळू नका, त्यांचं इन्सुलेशन या व्होल्टेजसाठी नसतं. ५० ओमने करंट ६६ अँपिअरवर अडतो आणि साठा व्हॉल्व्हऐवजी बहुतेक रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन संपतो. रोजच्या वापरात ४०० मिलिअँपिअरला फक्त २० व्होल्ट आणि ८ वॅट जातात. याहून स्वस्त विमा लिनिअरमध्ये दुसरा नाही.

दुसरं काम त्या ६६ अँपिअरला मीटरच्या बाहेरून वाट द्यायचं. सप्लायचं निगेटिव्ह आणि चासी यांच्यामध्ये १एन५४०८ डायोडची उलटसुलट जोडी लावा, तशीच एकेक जोडी प्रत्येक मीटरच्या टोकांवर. हा डायोड एका झटक्यात २०० अँपिअर सोसतो. एरवी या दोन बिंदूंमध्ये साधारण अर्ध्या व्होल्टचा फरक असतो, त्यामुळे मीटरचं वाचन बिघडत नाही. डायोड मेला तर बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, मीटर शून्यावर बसतं आणि तुम्हाला लगेच कळतं.

फ्यूज हे दोन झाल्यावर. २० मिलिमीटरचा काचेचा फ्यूज २५० व्होल्टचा असतो. ३००० व्होल्टला तार वितळली तरी काचेवर बसलेल्या धातूच्या वाफेतून ठिणगी चालूच राहते, तुमचा काळा झाला तो त्यामुळे. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ५ किलोव्होल्ट, ०.७५ अँपिअरचा लांब फ्यूज असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ओव्हन दुरुस्त करणाऱ्याकडे तो मिळतो. ५० ओमनंतर तोच लावा.

आता कॅपॅसिटर. सिरीजमध्ये ८ च्या ऐवजी १० करा (यात एकूण क्षमता उलट कमी होते), पण प्रत्येकाचं मूल्य तेच, २२० मायक्रोफॅरॅड ४५० व्होल्ट. कारण मेन. रात्री लाइन २५० व्होल्टवर चढली की तुमचे ३३०० व्होल्ट ३५८७ होतात, आठांत वाटले तर प्रत्येकी ४४८. म्हणजे दोन व्होल्टची सवड! दहांत ते ३५९ वर येतं, एकूण २२ मायक्रोफॅरॅड उरतात आणि साठा १२० जूलवर उतरतो. पूर्ण करंटला रिपल (डीसीवरची लहर) शिखर ते शिखर १८० व्होल्टच्या आसपास राहील, एसएसबीला (आवाज पाठवायच्या पद्धतीला) ते चालतं. प्रत्येक कॅपॅसिटरवर १०० किलोओमचा एकच ब्लीडर (बंद केल्यावर कॅपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) लावण्याऐवजी ४७ किलोओम ३ वॅटचे दोन सिरीजमध्ये लावा. वॅट एकातही बसतात, पण रेझिस्टरला स्वतःची व्होल्टेजची मर्यादा असते आणि ३ वॅटच्या मेटल ऑक्साइडची साधारण ३५० असते. लोक हे विसरतात, मग ब्लीडर वर्षभरात गुपचूप उघडा पडतो, आणि उघडा ब्लीडर म्हणजे बंद पेटीत भरलेली बँक. दोन-दोन ४७ किलोओमनी बँक ५० व्होल्टखाली यायला दीड मिनिट लागतं. तरीही झाकण उघडल्यावर आधी विणलेल्या तारेचं एक टोक चासीला पकडून मग दुसरं इन्सुलेटेड काठीने बी-प्लसला टेकवायचं, दुसरा हात खिशात. साध्या मल्टिमीटरची मर्यादा बहुधा १००० व्होल्ट असते, तो बी-प्लसला लावायचा नाही.

इथवर ठिणगीचं झालं. पण खरं सांगायचं तर ३-५००झेड ठिणगीपेक्षा ग्रिड करंटने जास्त मरतात. ग्रिडची मर्यादा २० वॅट. ३००० व्होल्टला पूर्ण ड्राइव्हमध्ये ग्रिड करंट ११५-१२० मिलिअँपिअर असतो. अँटेनाचं लोडिंग हलकं पडलं की प्लेटचं व्होल्टेज खूप खाली झुकतं, इलेक्ट्रॉन ग्रिडकडे वळतात आणि हा आकडा झपाट्याने चढतो. सर्वांत वाईट म्हणजे प्लेटला व्होल्टेज नसताना ड्राइव्ह देणं. तेव्हा सगळा करंट ग्रिड घेते आणि काही सेकंदांत वाकते.

ग्रिड करंट वाढला की ड्राइव्ह तोडणारं ट्रिप साधं आहे. ग्रिड शंट ४.७ ओमचा करा, त्याच्यावर १ किलोओमचा प्रीसेट, प्रीसेटच्या मधल्या टोकापासून १०० ओममधून बीसी५४७ चा बेस, एमिटर चासीला. फिलामेंटची परतीची बाजू ग्रिड करंटमुळे चासीपेक्षा पॉझिटिव्ह होते, त्यामुळे ध्रुवता आपोआप जुळते. २०० मिलिअँपिअरला शंटवर ०.९४ व्होल्ट येतात. ट्रान्झिस्टर १२ व्होल्टचा छोटा रिले ओढतो, रिले स्वतःच्या संपर्काने स्वतःला धरून ठेवतो आणि पीटीटीची (पाठवायला दाबायच्या बटणाची) तार तोडतो. परत चालू करायला बटण हातानेच दाबायचं. आपोआप परत येणारं ट्रिप नको, ते सेकंदाला चार वेळा ग्रिड भाजत राहतं. बेस-एमिटरवर १० नॅनोफॅरॅड घाला, नाहीतर १४ मेगाहर्ट्झची आरएफच (रेडिओ सिग्नल) त्याला ओढेल. ट्रान्झिस्टर व्हॉल्व्हच्या गरम हवेत ठेवू नका. २५ अंश तापला तर तो सुमारे ५० मिलिव्होल्ट आधी सुटतो.

प्लेट व्होल्टेज आहे की नाही हे बघायला सर्वांत खालच्या कॅपॅसिटरच्या ब्लीडरमध्ये, निगेटिव्हच्या टोकाशी, ४एन३५ ऑप्टोकप्लरची (प्रकाशातून संकेत पुढे देणारा भाग) एलईडी सिरीजमध्ये टाका, तिच्यावर एक उलटा १एन४००७. ब्लीडरमधून साडेतीन मिलिअँपिअर वाहतात, ते पुरतात. एलईडी विझली तर पीटीटी बंद. पण इथे एक फट आहे: बी-प्लसचा फ्यूज उडाला तर बँक भरलेलीच असते, ऑप्टो ‘सगळं ठीक’ म्हणत राहतो आणि प्लेट मात्र कोरडी. म्हणून ऑप्टो आहे म्हणून ग्रिड ट्रिप गाळायचं नाही.

बायसकडेही बघा, म्हणजे ग्रिड आणि फिलामेंटमधल्या ठरावीक व्होल्टेजकडे. ३००० व्होल्टला शून्य बायसवर नुसता उभा करंट १६० मिलिअँपिअर, म्हणजे ४८० वॅट. ५०० वॅटच्या प्लेटवर हे काहीही न पाठवता! फिलामेंटच्या मधल्या टॅपवर १एन५४०८ चे ७-८ डायोड सिरीजमध्ये टाकले की ५ व्होल्टच्या आसपास बायस मिळतो आणि उभा करंट १०० च्या घरात येतो. झेनरपेक्षा ही माळ मला बरी वाटते, करंटच्या फटक्यात ती जास्त टिकते. ऐकताना, म्हणजे पाठवत नसताना, या माळेच्या वाटेत १० किलोओम मधे येऊन व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायला हवा.

फिलामेंटला ५ व्होल्ट, १४.६ अँपिअर लागतात, आणि सूट ४.७५ ते ५.२५ इतकीच. मोजायचं सॉकेटच्या पिनांवर, ट्रान्सफॉर्मरवर नाही. २३० ला बरोबर ५.० लावलं तर रात्री २५० ला ते ५.४३ होतं. प्रायमरीत छोटा वायरवाउंड रेझिस्टर घालून तुमच्याकडच्या चढ्या लाइनला ५.२ च्या आत ठेवा. थंड फिलामेंटचा रोध फार कमी असतो, म्हणून त्याच प्रायमरीत आणखी २०० ओम १० वॅट, दोन सेकंदांनी रिलेने शॉर्ट होणारा.

प्लेट ट्रान्सफॉर्मरला तसंच २५ ओम ५० वॅट. तो शॉर्ट करणाऱ्या रिलेला टायमर लावू नका. २३० व्होल्ट एसीची कॉइल रेझिस्टरच्या पुढे, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला जोडा. बँक भरत आली की व्होल्टेज चढतं आणि रिले ओढतो. पुढे कुठे शॉर्ट असेल तर व्होल्टेज चढतच नाही, रिले ओढत नाही आणि मेनचा फ्यूज शांतपणे जातो.

बाकीचं भरभर. ग्रिडच्या तिन्ही पिना, २, ३ आणि ४, रुंद पट्टीने सरळ चासीला. प्लेटच्या तारेत दोन-तीन फेऱ्यांची कॉइल आणि तिच्याशी समांतर १०० ओम २ वॅटचे दोन कार्बन रेझिस्टर, वायरवाउंड मुळीच नाही. प्रत्येक फाडकन आवाजामागे पॅरासिटिकच (आपोआप उठणारं नको असलेलं दोलन) असतं असं मानणारे पुष्कळ आहेत, पण स्विच देताच, ड्राइव्ह नसताना झालेल्या आवाजाला मी आधी गॅसच म्हणेन. अँटेनाच्या सॉकेटपासून चासीला २.५ मिलिहेन्रीचा चोक हवाच. प्लेटचा ब्लॉकिंग कॅपॅसिटर शॉर्ट झाला तर ३००० व्होल्ट अँटेनावर जाण्याऐवजी फ्यूज उडतो. रिलेंच्या क्रमात अँटेना आधी, ड्राइव्ह शेवटी, सोडताना उलट. उघड्या सांगाड्याचे मोठे रिले १५-२० मिलिसेकंद घेतात, तेवढा उशीर रिगच्या मेनूत लावा. आणि ४० वॅटवर ठेवलेली १०० वॅटची रिग पहिल्या काही मिलिसेकंदांत पूर्ण १०० फेकू शकते, ग्रिड ट्रिप उगाच पडतंय असं वाटलं तर आधी हे तपासा. सॉकेटमध्ये खालून वर हवा, बंद केल्यावरही दोन-तीन मिनिटं पंखा चालू. एकट्या ३-५००झेडमधून ७०० वॅटच्या वर निघतात, तेव्हा तुमच्या परवान्यावरची मर्यादा बघून ड्राइव्ह ठेवा.

नवा व्हॉल्व्ह मागवण्याआधी जुना तपासा. पिन १ आणि ५ मध्ये जवळपास शून्य ओम, ग्रिड आणि फिलामेंटमध्ये अनंत यायला हवं, व्हॉल्व्ह उभा धरून हलकं टिचकवलं तरी. इतकं ठीक असेल तर पंखा लावून नुसतं फिलामेंट एक दिवस चालू ठेवा, प्लेटला काही न देता. दरम्यान व्हॉल्व्हशिवाय ट्रिप लावून घ्या: बेंच सप्लायने चासी आणि फिलामेंटच्या परतीच्या बिंदूमध्ये, पॉझिटिव्ह परतीच्या बाजूला ठेवून, करंट हळूहळू वाढवा आणि २०० मिलिअँपिअरला रिले ओढेल असा प्रीसेट फिरवा. त्यासाठी ग्रिड मीटरवरची आणि निगेटिव्ह-चासीमधली डायोडची जोडी सोडवा, ०.९४ व्होल्टला त्या वाहायला लागतात आणि आकडा खोटा येतो. सेटिंग झालं की या दोन्ही जोड्यांत प्रत्येक दिशेला दोन डायोड सिरीजमध्ये करून परत लावा. मग प्लेट व्होल्टेज व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) १००० पासून चढवा, पीटीटी न दाबता.