फ्लाइट सिम्युलेटरसाठी २५ हजारांत कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० आणि २४ इंची फुल एचडी मॉनिटर. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरमध्ये मुंबईत एअरबस उतरवताना सेकंदाला जेमतेम २० फ्रेम मिळतात. अधूनमधून एक्स-प्लेन १२ पण उडवता.

कार्ड सांगतो, पण आधी पाच मिनिटांचं एक काम करा. मुंबईच्या रनवे २७ वर तीच एअरबस उभी करा आणि ग्राफिक्स सेटिंगमधलं रेंडर स्केलिंग (चित्र किती बारकाईने काढायचं ते) १०० वरून ५० वर आणा. चित्र धूसर होईल, होऊ द्या. फ्रेम २० च्या ३५ झाल्या तर दोष कार्डाचा. २० च्या २१ झाल्या तर कार्ड बिचारं रिकामं बसलंय आणि धापा टाकतोय प्रोसेसर. जनरल ऑप्शन्समध्ये डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमचा डबा स्क्रीनवर आणलात, तर तिथे ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ (प्रोसेसर अडतोय) की ‘लिमिटेड बाय जीपीयू’ (कार्ड अडतंय) हे चक्क लिहूनच येतं.

इतकं ठासून सांगतोय कारण मी नेमका इथेच आपटलोय. माझ्याकडेही २६०० च होता, सोबत १०५० टीआय. एका दिवाळीत मोठ्या हौसेने १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० आणलं. लोहगाववरून सेसना उडवली, सगळं लोण्यासारखं. मग एअरबस घेऊन मुंबईला आलो, घाटकोपरच्या डोक्यावर पोचलो आणि फ्रेम किती? १९ च्या २४. मुलगी मागे उभी होती, म्हणाली, “बाबा, ढग छान दिसतात आता.” ढगच! कारण ढग आणि रिझोल्युशन हे कार्डाचं काम. पण विमान हवेत कसं वागेल याचं गणित, कॉकपिटमधल्या यंत्रणा, आजूबाजूचं ट्रॅफिक, लाखभर इमारतींची यादी करून कार्डाकडे पाठवणं, ही कामं प्रोसेसरची, आणि त्यातलं बरंचसं ओझं एकाच कोअरवर पडतं. म्हणून यूट्यूबवर मारधाडीच्या गेममध्ये मोजलेल्या फ्रेम बघून सिमसाठी कार्ड निवडू नका.

म्हणजे तुमचं १६५० निर्दोष आहे का? अजिबात नाही. त्याची खरी अडचण वेगाची कमी आणि ४ जीबी मेमरीची जास्त. ओळखायची खूण सांगतो. उड्डाण ठीक होतं, पण अर्ध्या तासाने फायनलला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, वळताना चित्र अडखळतं, कॉकपिटच्या बटणांवरची अक्षरं पुसट होतात आणि कॅमेरा फिरवला की क्षणभर सगळं गोठतं. व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, भरली की कार्ड साध्या रॅमकडे हात पसरतं, आणि तिथून माल यायला वेळ लागतो. त्यामुळे सिमसाठी आता ८ जीबीच्या खाली बघूच नये. २०२४ च्या आवृत्तीसाठी तर मायक्रोसॉफ्टनेच ८ जीबी व्हीरॅम आणि ३२ जीबी रॅम अशी शिफारस केलीय.

आता कार्डं. भाव रोज हलतात, म्हणून आकडे देत नाही. फुल एचडीसाठी माझी पहिली पसंती एएमडीचं आरएक्स ६६००. ८ जीबी, १३२ वॅट, एकच ८ पिनांची वायर. हे कार्ड बोर्डाशी बोलायला आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं आणि तुमचा बोर्ड पीसीआय ३.० चा आहे, पण त्याने पडणारा फरक किरकोळ. आरटीएक्स ३०६० चांगल्या भावात मिळालं तर मेमरीच्या बाबतीत ते जास्त ऐसपैस, फक्त १२ जीबीचंच आहे ना ते खोक्यावर वाचा. त्याच नावाचं ८ जीबीचं हळू कार्डही बाजारात आहे. आरटीएक्स ४०६० उत्तम आणि वीज कमी खाणारं, पण मग प्रोसेसरला पैसे उरणार नाहीत. डीएलएसएस (छोटं चित्र काढून एआयने मोठं करण्याची सोय) मिळतं म्हणून एनव्हिडियाचं आरटीएक्सच हवं असं काही नाही. डीएलएसएस लावलं की काचेच्या, म्हणजे स्क्रीनवाल्या, कॉकपिटमधल्या पळत्या आकड्यांना शेपट्या फुटतात, मला तरी ते बघवत नाही.

इंटेलचं आर्क बी५८० स्वस्तात १२ जीबी देतं, म्हणून दुकानदार ते पुढे करेल. नव्या मशीनवर जरूर घ्या, पण २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर ते फार मार खातं आणि रिसायझेबल बारशिवाय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) त्याला चैन पडत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी तर हातही लावू नका: ४ जीबी आणि फक्त चार लेन.

एक्स-प्लेनसाठी एक टीप. कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या दोन पद्धती आहेत, नवी व्हल्कन आणि जुनी ओपनजीएल. तो सिम व्हल्कनवर चालतो, पण जुनी अ‍ॅड-ऑन विमानं अजून ओपनजीएलने चित्र काढतात, आणि एएमडीच्या कार्डांवर ते जुळताना लुकलुकतं. १२.०५ पासून प्लगिनसाठी ओपनजीएलचं व्हल्कनमध्ये भाषांतर करणारी ‘झिंक’ची सोय आलीय, ती चालू केली की बहुतेक त्रास जातो.

पैसे देण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडा. बहुतेक १६५० ना वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे तुमच्या एसएमपीएसमध्ये (पॉवर सप्लायमध्ये) कार्डासाठीची ६+२ पिनांची वायर आहे का हे तुम्ही कधी बघितलंच नसेल. ४+४ वाली प्रोसेसरची, ती इथे चालत नाही. मोलेक्सचं (जुन्या चार पिनांच्या वायरीचं) कन्व्हर्टर लावून भागवू नका; वायर नसेल तर एसएमपीएसच बदला. ते जमणार नसेल तर ७० वॅटचं ६ जीबी आरटीएक्स ३०५० एवढाच मार्ग राहतो, आणि तो मी मनापासून सुचवत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर जुन्या बाजारातून आरएक्स ६६०० घेतलं असतं, विकणाऱ्याच्या घरी बसून पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डाला पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) चालवून, पंख्यांचा आवाज ऐकून आणि जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव-मेमरी ताडून. उरलेल्या पैशांत रायझन ५ ५६००, तुमच्याच बोर्डावर. १६५० आणि २६०० विकून थोडे सुटतील, ते रॅमच्या गल्ल्यात टाका. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, घाई नको. तोवर टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीवरचा तपशील) १०० वर, ट्रॅफिक निम्मं आणि काचेच्या कॉकपिटचा रिफ्रेश कमी करून बघा, एवढ्यानेही मुंबईत श्वास घेता येईल.

५६०० बसवणार असाल तर बोर्डाचं बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) आधी, म्हणजे जुना २६०० जागेवर असतानाच अपडेट करा. मी प्रोसेसर बदलून, थर्मल पेस्ट लावून, सगळे स्क्रू आवळून मग काळ्या स्क्रीनसमोर बसलो होतो आणि रात्री अकरा वाजता पुन्हा सगळं खोललं होतं.