चिप विकत घेतली, तरी पेटंटची नोटीस?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आम्ही द्राक्षबागांसाठी मोबाइलवरून चालणारे पंप कंट्रोलर बनवतो. आतली मोडेम चिप (मोबाइल नेटवर्कशी जोडणारी) वितरकाकडून रीतसर बिलावर घेतो. तरीही एका पेटंटधारकाने ‘वेगळा परवाना घ्या’ अशी नोटीस पाठवली आहे. पैसे भरावे लागतील का?

उत्तर : घाईने सही करू नका. पेटंटधारकाने किंवा त्याच्या परवानाधारकाने वस्तू एकदा विकली की त्या वस्तूवरचा त्याचा हक्क संपतो. २००८ साली क्वांटा विरुद्ध एलजी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पेटंटधारक एलजीची परवानाधारक असलेल्या इंटेलकडून संगणक बनवणाऱ्या क्वांटाने घेतलेल्या चिपबाबत हेच धरले. आपल्याकडे पेटंट कायद्याचे कलम १०७अ(ब) अधिकृत विक्रेत्याकडून केलेल्या आयातीला संरक्षण देते.

पण मेख इथेच आहे. चिप बनवणाऱ्याकडेच परवाना नसेल, तर तुमचे बिल कामाचे नाही. चिपच्या कित्येक डेटाशीटच्या (तांत्रिक माहितीपत्रकाच्या) शेवटी बारीक अक्षरांत ‘सोबत पेटंट परवाना दिलेला नाही’ असे छापलेले असते. ते पान आजच काढून वाचा. पेटंटमधला हक्क चिपवर सांगितला आहे की संपूर्ण कंट्रोलरवर, हेही बघा. कंट्रोलरवर असेल तर हा बचाव बराच लंगडा पडतो.

नोटिशीत भारतीय पेटंट क्रमांक नसेल तर लेखी मागा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर २० वर्षांची मुदत संपली आहे का आणि नूतनीकरण शुल्क भरले आहे का, ते तपासा. वितरकाकडून परवान्याचे लेखी उत्तर व नुकसानभरपाईची हमी घ्या, बिले बॅच क्रमांकासह जपा. धमकी निराधार असेल तर कलम १०६ खाली न्यायालयात दावा करता येतो. मात्र नुसते ‘आमचे पेटंट आहे’ असे कळवणे म्हणजे धमकी नव्हे.