वाचकांचे प्रश्न : स्प्लिटमधील तीन दिवस

प्रश्न : माझे आई-वडील पुण्याहून आमच्याकडे फ्रँकफर्टला आले असून त्यांच्याजवळ जर्मनीने दिलेला, एकदाच प्रवेशाची मुभा असलेला शेंगेन व्हिसा आहे. ३ ऑक्टोबरच्या सुट्टीला जोडून तीन दिवस क्रोएशियातील स्प्लिट येथे जाण्याचा आमचा विचार आहे. त्यातच दुब्रोव्हनिक आणि मोस्तारही व्हावे, अशी वडिलांची इच्छा आहे. आईचे गुडघे दुखतात आणि दोघेही पूर्ण शाकाहारी आहेत. हा बेत जमेल का?
— एक वाचक, फ्रँकफर्ट

उत्तर : मोस्तारचा विचार आपण आधी सोडून द्यावा, आणि तो अंतरामुळे नव्हे, तर व्हिसामुळे. मोस्तार बोस्निया-हर्झगोव्हिनात आहे आणि तो देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, मोडत नाही. स्प्लिटमध्ये मोस्तारच्या एकदिवसीय सहली सर्रास विकल्या जातात. परंतु आपल्या आई-वडिलांनी ती सीमा ओलांडली, तर त्यांचा व्हिसा तेथेच संपेल आणि त्यांना स्प्लिटलाही परतता येणार नाही, मग फ्रँकफर्ट तर दूरच. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तेथे जाण्यास वेगळा व्हिसा लागत नाही. युरोही त्याच दिवसापासून चालू झाला.

दुब्रोव्हनिक स्प्लिटपासून सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे आणि बसने एका बाजूलाच चार तासांहून अधिक वेळ जातो. या रस्त्यावर पूर्वी नेउमजवळ बोस्नियाची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागत असे; जुलै २०२२ मध्ये पेल्येशाच पूल खुला झाल्यापासून क्रोएशिया न सोडताही जाता येते. तरीही, तीन दिवसांतला एक बसमध्ये घालवावा आणि पोहोचल्यावर जे मुख्य आकर्षण, ती तटबंदीवरची फेरी, पायऱ्यांमुळे आईंना झेपू नये, यात काय साधले? वडिलांना हे पटवून देण्याचे काम आपल्याकडे.

स्प्लिटला तीन दिवस पुरतील का, असे लोक विचारतात ते बहुधा या शहराकडे केवळ बेटांवर जाणाऱ्या बोटींचा धक्का म्हणून पाहिल्यामुळे. रोमन सम्राट डायोक्लिशन याने इ. स. ३०५ मध्ये स्वेच्छेने पदत्याग केला आणि आपल्या जन्मभूमीत, सलोना नगराजवळ समुद्रकाठी बांधून घेतलेल्या राजवाड्यात तो येऊन राहिला. सातव्या शतकात आवार आणि स्लाव टोळ्यांच्या स्वाऱ्यांत सलोना उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील निर्वासितांनी या वाड्याच्या तटांआड आसरा घेतला, आणि तेव्हापासून येथली वस्ती मोडलेली नाही. त्यामुळे तिकीट काढून फाटकातून आत शिरावे, असा हा राजवाडा नाही. एकाच भिंतीत रोमन कमान, तिच्यात नंतर बुजवून केलेली खिडकी आणि खिडकीबाहेर दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. युनेस्कोने १९७९ मध्ये वारसास्थळ म्हणून या साऱ्या जुन्या गावठाणालाच मान्यता दिली.

पेरिस्टाइल हा वाड्याचा मधला, खांबांनी वेढलेला चौक सकाळी लवकर गाठावा, कारण क्रूझ जहाजांवरचे जथे उतरले की तेथे उभे राहणेही कठीण होते. चौकाला लागून सम्राटाची अष्टकोनी समाधी आहे. डायोक्लिशनने ख्रिस्ती लोकांचा अतोनात छळ केला. पुढे त्याच्या समाधीचेच कॅथेड्रल झाले, आणि तेही त्याच्या राजवटीत मारल्या गेलेल्या सलोनाच्या बिशप दोम्नियुस यांच्या नावाचे. सम्राटाची शवपेटी केव्हाच नाहीशी झाली आहे. इतिहासाने इतका नेमका सूड उगवल्याची उदाहरणे थोडीच सापडतील. तेथील लाकडी दरवाजा आंद्रिया बुव्हिना याने १२१४ मध्ये कोरला. ख्रिस्तचरित्रातील २८ प्रसंगांपुढे निवांत उभे राहावे. शेजारच्या घंटाघरावर चढण्याच्या फंदात मात्र आईंनी पडू नये.

तळघरेही चुकवू नयेत. वरच्या वस्तीने शतकानुशतके आपला केरकचरा त्यांत टाकला आणि त्या भरावामुळेच ती शाबूत राहिली. सम्राटाची वरची दालने पडली, पण तळघरांची रचना हुबेहूब तशीच असल्याने त्या दालनांचा आराखडा आज येथूनच कळतो. तळघरांतून पेरिस्टाइलकडे चढणारा जिना टाळायचा असल्यास बाहेर पडून पूर्वेकडच्या रौप्य दरवाजाने चौकात यावे. गल्ल्यांतील दगड पावलांनी घासून गुळगुळीत झालेले आहेत, पावसात तर अतिशय निसरडे होतात. दोघांनाही रबरी तळव्यांचे बूट घ्यावेत.

मुक्काम वाड्याच्या आत करू नये, कारण खोल्या बहुधा अरुंद जिन्यांवर असतात आणि दारापर्यंत गाडी जात नाही. पूर्वेला मानुश भागात घर पाहावे. बसस्थानक आणि भाजीबाजारही तेथून जवळ पडतात. ‘पाझार’ या बाजारात ताजी फळे मिळतातच, शिवाय ‘सोपारनिक’ मिळाले तर अवश्य घ्यावे. दोन पातळ पोळ्यांमध्ये ब्लित्वा ही बीटाच्या कुळातील पालेभाजी भरून ते भाजतात आणि वरून ऑलिव्ह तेल व लसूण लावतात. बटाटा घालून शिजवलेली ब्लित्वा खानावळींतही मिळते, पण ती माशांसोबत वाढण्याची पद्धत असल्याने वेगळ्या ताटलीत मागावी. रिसोटो (इटालियन पद्धतीचा भात) आणि सूप यांबाबत मात्र, ते माशांच्या किंवा मांसाच्या पाण्यात शिजवलेले नाही ना, हे विचारल्याशिवाय मागवू नये.

परतीच्या दिवशी विमान संध्याकाळचे असल्यास त्रोगिर हे शेजारचे जुने गाव पाहून घ्यावे. विमानतळ त्रोगिरपासून अगदी जवळ आहे. तेथील कॅथेड्रलचे, शिल्पकार रादोव्हान याने १२४० मध्ये घडवलेले प्रवेशद्वार पाहण्यास फारशा पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. शेंगेनअंतर्गत प्रवास असला, तरी आई-वडिलांचे मूळ पासपोर्ट बरोबर असू द्यावेत; घरमालक पाहुण्यांच्या नोंदणीसाठी ते मागतोच.